नावावरची तांबडी रेघ

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, आणि हे मी कुणाला विसरू देत नव्हतो. पण बी.ए. होऊन तीन वर्षं घरीच होतो. पदवी भिंतीवर टांगलेली. कामाचं होतं ते सांगलीच्या एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचं कार्ड. त्यावर दरसाल ठरलेल्या महिन्यात शिक्का मारून आणायचा. महिना चुकला की नाव कमी, आणि पुन्हा रांगेच्या शेपटाला. माझा नंबर आता कुठं कॉल येण्याइतका वर सरकला होता.

त्या साली आणीबाणी ढिली झाली आणि लोकसभेची निवडणूक लागली. सोसायटीच्या चेअरमननी गावातल्या शिकलेल्या पोरांची कार्डं गोळा केली. उमेदवार साहेब निवडून आले की एकेकाला नोकरीला चिकटवतील, असं सांगून. मी विट्याला गेलो होतो. माझं कार्ड वडिलांनी काढून दिलं. वडील फौजेतून निवृत्त झालेले हवालदार. वरच्यानं मागितलेला कागद द्यायचा, एवढंच त्यांना ठाऊक.

माझा महिना फेब्रुवारी. कार्ड मागून मागून थकलो. शेवटच्या दिवशी सकाळी पुन्हा चेअरमनच्या दारात उभा राहिलो.

"या, बीए. कार्डाला पाय फुटल्यात व्हय?"

"आज शिक्का बसला न्हाई तर माझं नाव जातंय."

"आरं, साहेब आल्यावर शिक्का कोण बघतोय? कार्डं सांगलीत हायत. सभेला ट्रक चाललाय, बस वडलांसंगं."

बसलो. सांगलीत प्रचार कचेरीच्या कपाटात कार्डांचा गठ्ठा होता. किल्लीवाला सभेला गेलेला. मी सभेत त्याला हुडकत फिरलो. वर वक्ते सांगत होते, जिल्ह्यातल्या बेकारांचा आकडा खाली आलाय, सरकारी कागदच बोलतोय. टाळ्या पडल्या. वडिलांनीही वाजवल्या. किल्लीवाला मंचामागं सापडला. त्याला कचेरीत आणून कार्ड काढलं आणि एक्स्चेंजकडं पळालो, तर तिथं शिपाई कुलूप लावत होता.

दुसऱ्या दिवशी कारकुनानं माझ्या नावावर तांबडी रेघ ओढली.

"मला नोकरी कुठं लागलीय?" मी म्हणालो.

"लागली असं कोण म्हणतंय? नोंद नाही, म्हणजे बेकारांच्या आकड्यात नाही." माणूस वाईट नव्हता. नवा फॉर्म त्यानंच भरून दिला.

घरी येऊन वडिलांना सगळं सांगितलं.

"म्हंजे काल सभेत त्यो आकडा सांगत हुता, त्यो असा खाली येतोय?"

"सगळा न्हाई. पर माझ्यासारखी त्यात असणार की."

ते उठून गोठ्याकडं गेले. कार्ड का दिलंत म्हणून मी विचारलं नाही.

मतदानादिवशी चेअरमनची जीप दारात आली. "चला हवालदार, बसा म्होरं."

वडिलांनी सावकाश पटका बांधला. "तुमी व्हा म्होरं. मला पाय हायत."

जीप जरा वेळ तशीच घुरघुरत थांबली, मग गेली. आम्ही दोघं शाळेकडं चालत निघालो. वाटेत त्यांनी एकच गोष्ट विचारली, ती रेघ कारकुनानं नावाच्या खालनं ओढली का मधनं.

"मधनं," मी सांगितलं. "खोडलंच नाव."