ताऱ्याची पलीकडची बाजू

आमच्या महासंगणकावर एक तारा फुटणार होता आणि आम्ही पडद्यासमोर बसलो होतो. खरा तारा नव्हे, गणितातला. त्याचे आकडे इतके अवाढव्य असतात की साठवायला जागा पुरत नाही. म्हणून गणित चालू असतानाच चित्र काढत जायचं आणि आकडे पुसून टाकायचे, अशी आमची पद्धत. ताऱ्याकडे कुठल्या बाजूने बघायचं, ते मात्र आधीच सांगून ठेवावं लागतं.

तारा फुटला तो नेमका पलीकडून. पडद्यावरचा नारिंगी गोळा शांतच दिसत राहिला, फक्त कडेला थोडा उजेड आला.

"गेलं, सर," सायली म्हणाली. बाजू तिनेच निवडली होती. "पुन्हा मशीन कधी मिळेल?"

"बघू," मी म्हणालो. मला वाईटही वाटलं नाही. वडील गेल्यापासून कशाचंच फारसं काही वाटत नाही. चहा गार झालेला असतो, तो तसाच पितो.

दुपारी आईचा फोन आला. रोज येतो आणि रोज ती एकच विचारते.

"शेवटी चेहरा कसा होता रे त्यांचा? तू होतास ना जवळ?"

होतो. वॉर्डात एकालाच सोडत, म्हणून मी होतो. त्यांना श्वास घेता यावा म्हणून पाठीमागे बसून, छातीशी टेकवून धरलं होतं. मला त्यांची मान दिसत होती आणि कानामागचे पांढरे केस.

"शांत होता," मी आईला सांगितलं.