डोकी लिहिणारा यतीन

काशीमीऱ्याच्या नाक्यावर रोज कुणाचं ना कुणाचं डोकं फुटतं. ट्रक आहेत, रिक्षा आहेत, आणि घाई तर सगळ्यांनाच. ती डोकी शेवटी कागदावरून यतीनच्या टेबलावर येतात. हायवेलगतच्या एका खासगी इस्पितळात तो रेकॉर्डच्या खोलीत बसतो. डॉक्टरांनी लिहिलेलं कंप्युटरवर चढवायचं आणि त्या दुखापतीचा ठरलेला कोड टाकायचा, एवढंच त्याचं काम. फुटलेलं डोकं त्याने जवळून कधी पाहिलेलं नाही. रक्त दिसलं की त्यालाच घेरी येते. पण ऐट अशी, जणू आत्ताच ऑपरेशन उरकून हात धुतलेत. बिल्डिंगीत कुणाचं पोर जिन्यावरून गडगडलं, तर हा दारातूनच सांगणार, "किरकोळ आहे, हळद दाबा."

कागदावर एक रकाना असतो: मार लागल्यावर माणूस बेशुद्ध पडला होता का? गर्दीत डॉक्टर तो मोकळाच सोडतात. मोकळा राहिला की विम्यावाले फाइल परत धाडतात. मग जिना चढा, डॉक्टर शोधा, त्यांची बोलणी खा. यतीनच्या पायांना तेवढे कष्ट कुठले सोसायला. मोकळं दिसलं की 'नाही' टाकायचं, कोड किरकोळ माराचा, फाइल पुढे. कामाला नव्याने लागलेल्या दिव्या नावाच्या मुलीलाही त्याने हेच शिकवलं, आणि वर म्हणाला, "डोकं वापर गं जरा."

एका दुपारी त्याच्या वडिलांना, काशीनाथरावांना, जवळच्याच मोरवा गावात रिक्षाने उडवलं. बरोबर यतीनची आई होती, आशाबाई. लोकांनी त्याच इस्पितळात आणलं. टाके घालताना आशाबाईंना बाहेर बसवलं. तेवढ्यात डॉक्टरांची पाळी बदलली, आणि कागद रेकॉर्डच्या खोलीत दिव्याकडे गेला. नव्या डॉक्टरीणबाईंनी कंप्युटर बघितला आणि म्हणाल्या, "शुद्ध गेली नव्हती. घरी न्या."

"गेली नव्हती कशी?" आशाबाई म्हणाल्या. "रस्त्यात आडवे पडले होते. मी हाका मारतेय आणि डोळे उघडेनात."

"आजी, तुम्ही घाबरला होतात. आधीच्या डॉक्टरांनी विचारूनच 'नाही' लिहिलंय ना."

यतीन वर येऊन शेजारीच उभा होता. ते 'नाही' कुठल्या डॉक्टरचं, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? पण बोललं तर पितळ उघडं पडणार. साहेबांनी वडिलांची पिशवी उचलून त्यांच्या मांडीवर ठेवली. वॉर्डबॉय व्हीलचेअर घेऊन आला.

"माझी पिशवी कुठाय?" काशीनाथरावांनी विचारलं.

"मांडीवरच आहे, बाबा."

"बरं." दोन क्षण गेले नाहीत तोच, "माझी पिशवी कुठाय रे?"

तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा यतीनचं तोंड एकदाचं उघडलं. "मॅडम, स्कॅन करून घ्या. ते 'नाही' डॉक्टरांचं नाही. आमच्या नव्या मुलीने चुकून टाकलंय."

बापाचं डोकं फुटलंय, आणि ह्याला स्वतःचं नाक जपायचंय.

दिव्या फाइल घेऊन मागेच आली होती. "चुकून कसलं, यतीनदादा? मोकळं असलं की 'नाही' टाक, तुम्हीच शिकवलंत ना. रोज तेच तर करतोय आपण."

"रोज?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. यतीनने व्हीलचेअर स्कॅनच्या खोलीकडे वळवली.

स्कॅनमध्ये डोक्यात रक्त साकळलेलं निघालं. वेळेत कळलं म्हणून औषधांवर निभावलं, कवटी उघडायची पाळी आली नाही. काशीनाथराव पट्टी बांधून घरी आले.

यतीनने बिल्डिंगभर सांगितलं, "मी होतो म्हणून सापडलं, नाहीतर डॉक्टर घरी पाठवत होते." शेजारची मिनल कौतुकाने आशाबाईंना म्हणाली, "काकू, मुलगा इस्पितळात असला की कसं बरं असतं ना."

"असतं तर," आशाबाई भाजी निवडत म्हणाल्या. "आधी खड्डा खणतो, मग दोर घेऊन धावतो."

डॉक्टरीणबाईंनी त्या खोलीला चांगलंच झापलं. आता मोकळा रकाना दिसला की दिव्या कागद घेऊन जिना चढते, बोलणी खाते, पण विचारून येते. यतीन खुर्चीत रेलून म्हणतो, "हिच्या डोक्यात काही शिरतच नाही."