झाड सोडायचं नाही

माझी नणंद बालवाडीची बाई, पण तिच्या बालवाडीला भिंतीच नाहीत. गावाबाहेरच्या जंगलात ती चिमुरडी पोरं घेऊन जाते. पोरं चिखलात लोळतात, काटक्यांची घरं बांधतात, गोगलगाय दिसली की पालथी पडून तिच्यामागे सरपटतात. ही घरी येते ती केसांत पाला घेऊन, आणि झाडू मात्र मी मारायचा!

तिथे तिचा एकच कडक नियम. वाट चुकलात तर पळायचं नाही. जवळच्या झाडाला मिठी मारायची आणि बाई येईपर्यंत सोडायचं नाही. रोज निघण्याआधी सगळ्यांकडून हे घोकून घेते.

सासूबाईंना विसर पडायला लागला, तशी ती त्यांनाही सोबत नेऊ लागली.

"अगं, या वयात बालवाडी?" मी म्हटलं.

"घरात बसून तुझी बोलणी खाण्यापेक्षा बरं," ती म्हणाली. घ्या!

पण सासूबाई खुलल्या, हे खरं. पोरांबरोबर त्याही झाडाला मिठी मारून खुदुखुदु हसायच्या. नणंदेला धास्ती एकाच गोष्टीची होती. "वहिनी, बाकी सगळं विसरू दे, पण मला विसरायला नको गं."

एका रविवारी बाजारात मी भाजी निवडत होते, वळून बघते तर सासूबाई गायब! नणंदेला फोन केला आणि गल्ली न गल्ली पालथी घातली. शेवटी औषधाच्या दुकानासमोर, झाडाला कवटाळून उभ्या दिसल्या. भोवती बघ्यांची गर्दी, आणि प्रत्येकाचा सल्ला वेगळा. मी हात धरला तर माझ्यावरच खेकसल्या, "बाई आल्याशिवाय सोडायचं नाही!"

मी परत फोन केला. नणंद धापा टाकत आली. तिला बघून सासूबाईंचा चेहरा असा उजळला, की मला वाटलं, सुटलो बाई एकदाचे.

"आई..."

"बाई, मी अजिबात हलले नाही हं," सासूबाई म्हणाल्या. "आता माझ्या मुलीला बोलवा ना. ती काळजी करत असेल."

नणंदेने त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. मला तर रडूच फुटलं, भर रस्त्यात.

"शाब्बास," ती म्हणाली. "चला, तिच्याकडेच सोडते तुम्हाला."

सासूबाईंनी झाड सोडलं आणि तिचा हात धरला.