टोपल्याखालचं आभाळ

धंतोलीतल्या एका दवाखान्यात मी चोवीस वर्षं काउंटरवर बसले. समोरचा माणूस किती खरं बोलतोय ते त्याच्या चपलांवरून ओळखायची सवय तिथं लागली, ती घरी बसल्यावरही सुटली नाही. म्हणून प्रताप नगरातल्या आमच्या वरच्या खोलीत राहायला आलेल्या मॅडमनी गच्चीवर कॅमेरा लावायची परवानगी मागितली, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

मॅडम कॉलेजात फिजिक्स शिकवायच्या. चाळिशीच्या, एकट्या, बोलणं मोजकं. कॅमेरा आभाळाचा आहे म्हणाल्या. खांबावर डबा, त्यावर काचेचा घुमट, दिवस मावळला की आपोआप सुरू. आभाळातून जळता गोळा आला की टिपायचा. वर्ध्याला त्यांच्या मैत्रिणीच्या घरावर असाच दुसरा होता. एका कॅमेऱ्यानं नुसती दिशा कळते. दोघांच्या रेघा जुळल्या की दगड कोणत्या शिवारात पडला ते कळतं. असा एक दगड हाती यावा म्हणून त्या तीन वर्षं थांबल्या होत्या. मी हो म्हटलं, पण विश्वास? छे! आभाळाकडे बघणारा डोळा गच्चीकडे बघत नाही कशावरून?

एप्रिलात लेक बाळाला घेऊन कळमेश्वरहून माहेरी आली. उन्हाळ्यात आमचं सगळं घर गच्चीवर झोपतं. लेक तिथंच बाळाला पाजायची. मॅडम म्हणाल्या, तो वरच बघतो, गादीवरचं माणूस त्याच्या नजरेतच येत नाही. दवाखान्यात मी अशी गोड उत्तरं पुष्कळ ऐकली होती. एका संध्याकाळी गाद्या घालायला गेले आणि कुरड्यांचं रिकामं टोपलं घुमटावर पालथं घालून मोकळी झाले. मॅडम उठायच्या आधी पहाटे काढूनही घेतलं.

सकाळी दूधवाल्यापासून सगळ्यांच्या तोंडी एकच विषय. रात्री कळमेश्वरकडे आभाळात हिरवा उजेड पडला आणि मागून गडगडलं म्हणे. लेकीनंही पाहिला, मी घोरत होते. मॅडम धावत वर गेल्या आणि चेहरा पाडून खाली आल्या. रेकॉर्डिंग काळं होतं. लाईन गेली असेल, मी म्हणाले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि नुसती मान हलवली.

नऊ दिवस त्या काठीला लोहचुंबक बांधून शेतं तुडवत होत्या; आभाळातल्या दगडात लोखंड असतं, तो चिकटतो म्हणे. वर्ध्याच्या कॅमेऱ्याची रेघ कितीतरी गावांवरून जात होती, आणि आपल्याकडे तर शेताच्या प्रत्येक बांधावर, धुऱ्यावर काळाच दगड. मला मेलीला तरीही शंका. रिकाम्या हातानं परत यायला कोणी रोज उन्हात जातं का? दगड सापडला असेल नि ही बाई लपवत असेल, म्हणून एकदा त्यांची पिशवी उघडून पाहिली. आत पाण्याची बाटली आणि फुटाणे. लाज वाटली, पण तोंड उघडलं नाही.

दहाव्या दिवशी तिकडे शेतांवर नांगरणीचे ट्रॅक्टर फिरले, वरचं सगळं मातीखाली गेलं आणि शोध संपला. मी चहा घेऊन वर गेले. सहज विचारावं तसं विचारलं, कॅमेऱ्याचं काय बिघडलं होतं ते कळलं का?

त्यांनी मोबाईल पुढे केला. फोटोत भोपळ्याएवढं माझं नाक, मागे मावळतीचं आभाळ आणि दोन्ही हातांत टोपलं.

"तीन वर्षांत याच्यात एकाच माणसाचा चेहरा आला, काकू."

"मंग पहिल्याच दिवशी बोलल्या काहून नाही?"

"तुम्ही सांगसान म्हणून वाट पाहून राहिली होती."

चिडून बोलल्या असत्या तर मी भांडले असते. भांडण मला जमतं. तसाच ट्रे घेऊन खाली आले आणि मोरीत जाऊन रडले.

जूनमध्ये त्यांनी खोली सोडली, कॅमेरा नेला. आता लेकीच्या सासरी गेले की मी लोहचुंबक घेऊन धुऱ्याधुऱ्यानं हिंडते. जावई हसतो. अजून एकही दगड चिकटला नाही.