जगदाळेदादांची पहिली तार

फोन नेहमीच्याच वेळी आला. दिवेलागण झाली होती आणि मी पेटी समोर ओढून तयारच बसले होते. दादांचं नाव दिसलं तशी हॅलो वगैरे न म्हणता मी सवयीनं म्हटलं, "हं, वाजवा." पलीकडून तार वाजली नाही. त्यांची सून वैशाली म्हणाली, "काकू, दादा गेले... दुपारी जेवून पडले होते, उठलेच नाहीत." फोन ठेवला तरी पेटी समोर उघडीच होती आणि ती बंद करायचं मला सुचत नव्हतं.

मनोहर जगदाळे हे नाव ग्वाल्हेरच्या जुन्या लोकांना सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते. गिटार मांडीवर आडवी ठेवून, तारांवरून स्टीलची कांडी फिरवत वाजवायची एक तऱ्हा असते. तिला आपल्याकडे हवाईयन गिटार म्हणायचे. दादा ती वाजवायचे. घराणं शिपाईगड्यांचं, जयेंद्रगंजातल्या घरात भिंतीवर अजून दोन तलवारी आहेत. वडील म्हणे पाहुण्यांना सांगायचे, "आमच्या वाडवडिलांनी घोडे दामटले, आणि हा बघा, मांडीवर लाकूड घेऊन बसलाय." पुढे त्याच लाकडासाठी दूरदूरच्या शहरांतून बोलावणी यायला लागली, तेव्हा वडिलांनी तलवारींचा विषय काढणं बंद केलं.

मी कॉलेजात असताना गणेशोत्सवात त्यांना पहिल्यांदा ऐकलं. कार्यक्रम संपल्यावर सगळे लांबूनच नमस्कार करत होते आणि मी आपली वाद्याकडे टक लावून उभी. त्यांनी ते पाहिलं, स्वतः उठले, मला खुर्चीवर बसवलं आणि गिटार सरळ माझ्या मांडीवर ठेवून दिली. मी कांडी ओढली. मांजराच्या शेपटीवर पाय पडल्यासारखा आवाज निघाला. "वा," ते गंभीरपणे म्हणाले, "मी तर याहून वाईट सुरुवात केली होती." पुढे आमचा घरोबा झाला. एकदा इंदरगंजच्या चौराह्यावर एका रिक्षावाल्यानं त्यांना हटकलं, "दादा, वो पुराना वाला सुना दो ना." दादा दुकानाच्या पायरीवर बसले, पेटाऱ्यातून गिटार काढली आणि त्याला ते सबंध गाणं वाजवून दाखवलं. मागे गाड्यांचे भोंगे वाजत होते, आणि आम्हाला ज्या लग्नाला जायचं होतं तिथल्या अक्षता तोवर पडून गेल्या होत्या. लग्नघरच्यांना दादांनी कारणही खरं तेच सांगितलं.

माझे यजमान गेले तेव्हा घरी पुष्कळ माणसं येऊन गेली. "आता एकट्या कशा राहणार हो?" असं विचारून माणसं आपापल्या घरी जातात. उत्तर आपल्याकडेच राहतं. मुलगा बेंगळुरूला, तो चल म्हणत होता, आणि दर्पण कॉलनीतल्या त्या रिकाम्या घरात मला संध्याकाळ खायला उठायची. अशातच दादांचा पहिला फोन आला. "सुधाताई, काय करून राहिल्या? जरा एक काम होतं. माझी पहिली तार ऐकून सांगा ना. वरचा सूर आता माझ्या कानात शिरतच नाही." पहिली तार म्हणजे सगळ्यात बारीक. मी पेटीवर सूर धरला आणि सांगत गेले, किंचित चढवा... अजून... बस. मग त्यांनी फोनवरच एक गाणं वाजवलं. दुसऱ्या दिवशी परत फोन. तिसऱ्या दिवसापासून मी वाट बघायला लागले.

कशा आहात, जेवलात का, रडता का, यातलं त्यांनी कधी काही विचारलं नाही. फक्त तार. पण त्या तारेसाठी मी संध्याकाळी घरी असायचे, तोंड धुऊन, केस विंचरून. फोनवर कोण बघणार होतं, पण विंचरायचे. मुलगा चिडायचा. मी त्याला सांगायचे, "अरे, मी आले तर दादांची तार कोण लावणार?" तो हसायचा, पण मी ते गमतीनं म्हणत नव्हते. या गावात माझ्यावाचून अडणारी तेवढी एकच गोष्ट उरली होती.

तेराव्याला जयेंद्रगंजात गेले, तर माझ्या शेजारी इंदरगंजातले घड्याळ दुरुस्तीवाले गुप्ताजी बसले होते. त्यांची बायको गेल्यापासून तेही दुकानाच्या वरच्या खोलीत एकटेच राहतात. डोळे पुसत म्हणाले, "भाईसाहब का तार तो हम मिलवाते थे, बहनजी. रोज सुबह, फोन पर. सबसे मोटा वाला." उठता उठता वैशालीला बाजूला घेऊन विचारलं, दादांना खरंच ऐकू येत नव्हतं का गं? ती म्हणाली, "दादांना? अहो काकू, कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या ते बाहेरच्या खोलीतून सांगायचे ते मला." मग म्हणाली, "फोन लावायच्या आधी ते एक तार उतरवून ठेवायचे. मी विचारलं पण एकदा, लागलेली तार कशाला बिघडवता? तर म्हणाले, फोन करायचाय ना."

मला राग आला. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात, पण आला. घरी येईपर्यंत मनाशी घोकत होते, म्हणजे कीव करत होते माझी. आपण इतकी वर्षं तोऱ्यात "चढवा, उतरवा" सांगत बसलो आणि पलीकडे हा माणूस लहान मुलाशी खेळावं तसा खेळत होता. कसली तार आणि कसलं काय. त्या रात्री मुलाला सांगून टाकलं, तिकीट काढ. पेटीवर कापड घातलं आणि ती पलंगाखाली सरकवून दिली.

मग एक जुनी संध्याकाळ आठवली. त्या दिवशी मला बरं नव्हतं, कान गच्च झाले होते, आणि मी आपली "अजून चढवा, अजून" करत राहिले. दादा मुकाट्यानं खुंटी पिळत गेले आणि तार ताडकन तुटली. "जुनीच होती हो," म्हणाले, आणि उरलेल्या तारांवर गाणं वाजवलं. म्हणजे त्यांना सगळं स्वच्छ ऐकू येत होतं. आता तुटणार हे कळत होतं. तरी माझा शब्द त्यांनी खाली पडू दिला नाही. कीव करणारी माणसं मला ओळखू येतात, ती जाताना दार फार हळू लावतात. दादा तसे नव्हते. मला त्यांची इतकी आठवण आली की पलंगाच्या कडेला बसून मी पोटभर रडले. आता या घरात संध्याकाळी काहीच अडत नाही, आणि हे सोसत नाही.

परवा दिवेलागणीला बेंगळुरूची बॅग भरत होते, तेवढ्यात फोन वाजला. नंबर अनोळखी. "बहनजी, गुप्ता बोल रहा हूँ, घड़ीवाला. नंबर बहूजी से लिया. एक तकलीफ़ देनी थी... आपके यहाँ टाइम क्या हुआ है? हमारी घड़ी कुछ ठीक नहीं लग रही." त्यांच्या मागे दुकानभर घड्याळांची टिकटिक चालू होती, ती मला इथे ऐकू येत होती. वेळ तर हातातल्या फोनवरच दिसत होती.

"रुकिए, देखकर बताती हूँ," मी म्हटलं, आणि चष्मा शोधून भिंतीवरच्या घड्याळापर्यंत गेले.