वाळवणाची राखण

अकोल्याला आल्यावर कितीतरी महिने माझे वडील ‘हो’, ‘नको’ आणि ‘बरं’ एवढ्याच शब्दांवर राहिले. आई अमरावतीला असतानाच वारली. त्यानंतरच्या पावसाळ्यात मला अकोल्याच्या एका मुलींच्या शाळेत नोकरी लागली आणि आम्ही बापलेक बिऱ्हाड गुंडाळून इकडे आलो. मी एकुलती एक. लग्न झालेलं नव्हतं, आणि तशी घाई मलाही नव्हती. वडील अमरावतीच्या कोर्टात शिरस्तेदार होते, नुकतेच पेन्शनीत निघाले होते. म्हणजे वर्ष-दीड वर्षात त्यांची नोकरी गेली, बायको गेली आणि वर गावही गेलं. गाव माझ्या नोकरीपायी गेलं, पण तसं ते कधी म्हणाले नाहीत. तसं ते काहीच म्हणत नव्हते.

मी सकाळी पोळीभाजी करून, ताट झाकून शाळेत जायची. परत यावं तर ताट बहुधा तसंच. वडील खिडकीशी बसलेले. पुढ्यात वर्तमानपत्र असे, पण पान उलटलेलं नसे. संध्याकाळी टोपी घालून ते स्टेशनाकडे जात. मला वाटे, फिरायला जातात. एकदा बाजारातून येताना मी त्यांना फलाटावर पाहिलं. बडनेऱ्याकडे, म्हणजे अमरावतीच्या वाटेने जाणारी पॅसेंजर सुटेपर्यंत ते तिथे उभे राहिले आणि गाडी गेल्यावर घराकडे वळले. मी हाक मारली नाही. मागून सावकाश घरी आले आणि चहा टाकला.

आमची गल्ली मोर्णा नदीच्या बाजूला, जुन्या वस्तीत होती. आमच्या दारासमोर कडुनिंबाचं मोठं झाड होतं आणि झाडापलीकडे एका बाईंचं घर. त्यांचे यजमान तेलाच्या गिरणीत कामाला, मुलं मोठी होऊन पोटापाण्याला लागलेली. गल्ली त्यांना वयनी म्हणायची, म्हणून मीही म्हणू लागले. वयनींचा आवाज चार घरांपलीकडे जायचा आणि मनात एक, ओठावर एक असं त्यांच्यापाशी नव्हतंच. पहिल्याच महिन्यात त्यांनी मला नळावर गाठून विचारलं, “मास्तरीनबाई, तुमचे बाबा मुके हायेत का?”

“नाही हो. आई गेल्यापासून बोलत नाहीत.”

“हं,” वयनी म्हणाल्या आणि घागर उचलून चालू लागल्या. मला ते लागलं. अमरावतीच्या आमच्या शेजारणी अशा वेळी निदान डोळ्यांना पदर तरी लावत.

चैत्र लागला तशी गल्लीत वाळवणं सुरू झाली. दारोदारी बाजा टाकलेल्या, त्यांवर जुनी धुवट लुगडी, आणि लुगड्यांवर पांढऱ्या शुभ्र कुरड्या, शेवया, मुगवड्या. आमच्या दारात त्या वर्षी काही नव्हतं. शाळा सकाळची झाली होती, त्यामुळे मी भर दुपारी घरी यायची आणि त्या बाजांमधून वाट काढताना मान खाली घालून चालायची.

एका सकाळी मी निघण्याच्या बेतात असताना वयनी दारात येऊन उभ्या राहिल्या. माझ्याकडे पाहिलंही नाही. थेट वडिलांना म्हणाल्या, “काकाजी, मले बाजारात जायाचं हाये. घरी कोनी नाही. जरा माह्या कुरोड्यांवर ध्यान ठेवजा. चिमन्या लय माजल्या.”

वडील ‘नको’ म्हणतील असं मला वाटलं.  त्यांनी कोपऱ्यातली काठी घेतली, खुर्ची उचलली आणि कडुनिंबाखाली जाऊन बसले. मला शाळेला उशीर होत होता. गल्लीच्या वळणावरून मी मागे पाहिलं, तेव्हा ते काठी मांडीवर आडवी धरून, कोर्टात बसावं तसे ताठ बसले होते.

दुसऱ्या दिवशी वयनींना पुन्हा काहीतरी काम निघालं. तिसऱ्या दिवशी त्यांच्या शेजारणीलाही निघालं. ऊन आमच्या दारापुढेच जास्त वेळ टिकतं, असा शोध गल्लीतल्या बायकांना एकाएकी लागला आणि आठवड्याभरात बाजांची रांगच कडुनिंबासमोर सरकली. वडील सावलीत, वाळवण उन्हात.

अशाच एका दुपारी मी घरी आले. चपला काढत होते, तोच वडील बाहेरून म्हणाले, “अगं, चिमण्या भुरट्या चोर आहेत. काठी आपटली की पळतात. पण ती खार आहे ना, ती सराईत आहे.”

माझ्या हातातली पिशवी हातातच राहिली. इतक्या महिन्यांत त्यांच्या तोंडून ऐकलेली ही पहिली सलग वाक्यं. मी दाराशी जाऊन विचारलं, “मग काय करता तिचं?”

“पुराव्याशिवाय काय करणार?” ते म्हणाले आणि पुन्हा बाजांकडे बघू लागले. मी आत जाऊन भिंतीला टेकून उभी राहिले.  डॉक्टरांचं टॉनिक, माझ्या विनवण्या, नातेवाइकांची पत्रं, सगळं करून झालं होतं आणि माणूस जागचा हलला नव्हता. तो चिमण्या हाकलता हाकलता बोलू लागला होता.

गल्लीच्या टोकाला, वळणाच्या अलीकडे, एक नर्सबाई राहायला आल्या होत्या. बौद्ध कुटुंब होतं. नागपूरच्या दीक्षेला तेव्हा दोन-तीन वर्षं झाली होती. यजमान रेल्वेत गार्ड, दोन-दोन दिवस घरी नसत. बाई सरकारी दवाखान्यात पाळीच्या ड्युटीवर. मूलबाळ अजून नव्हतं. गल्लीतलं कोणी त्यांच्याशी भांडत नव्हतं, आणि कोणी त्यांच्या ओट्यावर बसतही नव्हतं. त्यांनीही कुरड्या घातल्या होत्या, एकट्यानेच. बाज त्यांच्याच दारात. सकाळी कुलूप लावून त्या ड्युटीवर गेल्या की त्यांच्या बाजेवर चिमण्यांचं राज्य.

इथे माझ्या वडिलांबद्दल सांगायला हवं. संध्या केल्याशिवाय ते पाण्याचा घोट घेत नसत. बाहेरचा चहा त्यांनी कधी घेतला नाही. कोर्टातली सगळी नोकरी त्यांनी घरून नेलेल्या तांब्यातल्या पाण्यावर काढली.

त्या दिवशी मी शाळेतून परतले तेव्हा कडुनिंबाखालची खुर्ची मला लांबूनच रिकामी दिसली.  मग नजर अलीकडे वळली. वडील नर्सबाईंच्या ओट्यावर, छत्री उघडून, भर उन्हात बसले होते. काठी हातात. गल्लीतल्या दोन-तीन दारांत बायका उभ्या होत्या. त्यांत वयनीही होत्या. तेवढ्यात माझ्या मागून, पांढऱ्या साडीतल्या नर्सबाई झपाझप आल्या आणि मला ओलांडून पुढे जाऊन थांबल्या.

“काकाजी, तुमी इथं काहून बसले? लय ऊन हाये.”

“चिमण्या,” वडील म्हणाले. “तुमच्या बाजेवर सकाळपासून पंगत बसली होती. तिथून काठी आपटत होतो, पण एवढ्या लांबून त्या जुमानत नाहीत.”

नर्सबाईंनी बाजेकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. “मी तर तुमाले सांगतलं नव्हतं.”

“नाही. सांगितलं नव्हतं.”

नर्सबाईंनी कमरेची किल्ली काढून कुलूप उघडलं. वडील छत्री मिटून उठले, आणि उठता उठता म्हणाले, “बाई, जरा पाणी मिळेल का?”

गल्लीत कोणी हललं नाही. नर्सबाई उंबऱ्यातच थांबल्या. मग अगदी साध्या आवाजात त्यांनी विचारलं, “माठातलं देऊ, का नळाचं?”

नळ अंगणात होता. तिथे ओंजळ धरून पिता आलं असतं. त्या विचारण्यात नर्सबाईंनी त्यांच्यासाठी एक वाट मोकळी ठेवली होती, हे मलाही कळलं, वडिलांनाही कळलं असणार.

“माठातलं द्या,” ते म्हणाले. “नळाचं आता उकळत असेल.”

नर्सबाईंनी पेला भरून आणला. वडिलांनी तो तोंडाला लावून सगळा रिकामा केला आणि पुन्हा पुढे केला. “आणखी थोडं.”

मी वळणाशीच उभी होते. माझ्या सबंध आयुष्यात मी ज्या माणसाला नखशिखांत ओळखत होते असं मला वाटत होतं, तो मला त्या क्षणी पहिल्यांदा दिसला. ते घराकडे वळले, वळता वळता मला पाहून म्हणाले, “आलीस? चल, जेवू.” आणि त्या दिवशी त्यांनी लोणचं दोनदा मागून घेतलं. संध्याकाळी मी धीर करून विषय काढला. “बाबा, आज तुम्ही त्यांच्याकडे…”

“तहान लागली होती,” ते म्हणाले. 

दुसऱ्या दिवशी सकाळी वयनी आल्या. मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. कंबरेवर हात ठेवून त्या म्हणाल्या, “काकाजी, मी पाह्यलं काल.” मग कडुनिंबाकडे बोट दाखवलं. “उन्हात बसत जाऊ नका. ऊन लागलं तर हिनं शाळेत जायाचं का तुमाले पाहायाचं? तिची बाज इकडंच आनून घ्या ना. एका जागी राखाले होईल.”

“त्यांना विचारलं पाहिजे,” वडील म्हणाले.

वयनी स्वतःच गेल्या विचारायला. परत येऊन त्यांनी सांगितलं, “नाही म्हनते थे. ‘माह्या दारात काय वाईट हाये?’ म्हनते.” आणि झाडाच्या बुंध्याला टेकून बसत पुढे म्हणाल्या, “बरोबरच हाये तिचं.”

मग वडिलांनी खुर्चीच दोन्हीकडच्या बाजा दिसतील अशी गल्लीच्या मधोमध नेली. डोक्याला ओला रुमाल, वर छत्री. सायकलवाले वळसा घालून जात. असे काही दिवस गेले. मग एका सकाळी नर्सबाई घाईघाईने आल्या आणि खुर्चीजवळ थांबल्या. “काकाजी, मले आज उशीर होऊन राहिला. बाज ठेवू का इकडं, झाडापाशी?” वडिलांनी उत्तर देण्याआधीच वयनी घरातून बाहेर आल्या आणि बाजेचं दुसरं टोक धरायला निघाल्या. दोघी दोन टोकांना बाज धरून, मधल्या कुरड्या सांडू नयेत म्हणून पावलं जपत गल्लीतून आल्या. ते दृश्य मी शाळेला उशीर करून पाहिलं.

सगळ्यांनाच ते रुचलं असं नाही. गल्लीतल्या भिक्षुकाच्या घरच्यांनी त्याच दिवशी आपली बाज रांगेतून काढून अंगणात नेली.  पण अंगणात राखायला कोणी नव्हतं आणि चिमण्यांना कोणाचंच सोवळं नव्हतं. थोड्याच दिवसांत ती बाज रांगेत परत आली, जराशी बाजूला का होईना. वडिलांनी मान वर करून पाहिलंही नाही. फक्त काठी त्या बाजूलाही आपटू लागले.

उन्हाळा सरताना गल्लीतून एकेक डबा आमच्याकडे येऊ लागला. कोणाच्या कुरड्या, कोणाच्या शेवया, कोणाच्या मुगवड्या. नर्सबाईंच्या कुरड्या सगळ्यांत जाड, कारण चीक त्या एकट्याच हाटत आणि हात दुखला की थांबत. ज्या घरात त्या वर्षी काहीच घातलं गेलं नव्हतं, त्या घरातले सगळे डबे भरले.  पावसाळ्यात राखायला काही उरलं नाही, तरी खुर्ची ओट्यावर राहिली. जाता-येता कोणी ना कोणी थांबायचं. नर्सबाई ड्युटीवरून आल्या की दवाखान्यातलं सांगायच्या, वडील कोर्टातलं. स्टेशनावर जाणं त्यांनी कधी सोडलं, ते मला कळलंही नाही.

मी एकदा वयनींना विचारलं, “पहिल्या दिवशी तुम्हाला खरंच बाजारात जायचं होतं का?”

“मंग? खोटं कायले बोलू?”

“मला वाटलं, बाबांची दया आली म्हणून…”

“कायची दया,” वयनी म्हणाल्या. “मानूस रिकामा दिसला. चिमन्या खाऊन राहिल्या होत्या.” आणि त्या निवडत होत्या ती मेथीची अर्धी जुडी त्यांनी माझ्या पुढ्यात टाकली. मी बसून ती निवडू लागले. तेव्हा ध्यानात आलं, की शाळा आणि घर सोडून मी इतके दिवस कोणाच्या ओट्यावर टेकलेच नव्हते. वडील एकटे पडले म्हणून मी काळजी करत होते. माझी मोजदाद मी केलीच नव्हती.

पुढच्या चैत्रात, सुट्टीच्या दिवशी, उजाडायच्या आत आमचं दार वाजलं. उघडलं तर वयनी, त्यांची शेजारीण आणि आणखी दोघी, हातात मोठं पातेलं, हाटायची काठी आणि सोऱ्या. “चला,” वयनी म्हणाल्या, “आज तुमच्या घरची पाळी.” गहू त्यांनी आपल्याच घरी तीन दिवस भिजवून, वाटून, चीक काढून तयार ठेवला होता. अंगणात चूल पेटली. रात्रपाळी संपवून नर्सबाई तशाच पांढऱ्या साडीत आल्या आणि पदर खोचून सोऱ्याला बसल्या. मी काठी धरली. चीक घट्ट होत गेला, हात भरून आले, तशी मागून कोणीतरी माझ्या हातावर हात ठेवून काठी फिरवू लागलं. मी वळून पाहिलं नाही, कोण ते.

वडील आंघोळ करून बाहेर आले. शेजारणीने वाटीत गरम चीक घालून त्यांच्या हाती दिला. त्यांनी फुंकर घालून चाखला आणि म्हणाले, “मीठ कमी आहे.”

“कमी नाही, बराबर हाये,” वयनी म्हणाल्या.

“कमी आहे. नर्सबाई, तुम्ही सांगा.”

नर्सबाईंनी सोऱ्या खाली ठेवला, त्याच वाटीतलं बोटभर घेऊन चाखलं आणि विचार करून म्हणाल्या, “चिमूटभर लागते.” वयनी कुरकुरत मिठाचा डबा आणायला माझ्या स्वयंपाकघरात गेल्या. डबा कुठे आहे, ते त्यांना विचारावं लागलं नाही.