पुण्याचे व्याही कचारगडला

मंडळी, इतक्या उशिरा लिहितो म्हणून राग मानू नका. पाहुणे आत्ताच जेवून उठले.

लेकीचं लग्न पुण्याला झालं, म्हणून तिचे सासू-सासरे आज पहिल्यांदाच आमगावला आले. संध्याकाळच्या गाडीनं परत जाणार होते. मला सकाळपासून एकच घोर. यांना आपला भाग आवडला नाही, तर लेकीला जन्मभर ऐकून घ्यावं लागेल.

कचारगडची डोंगरातली गुहा दाखवायला नेलं. चढताना विहीणबाई दर वळणावर थांबत होत्या. मी सारखा विचारत होतो, पाय दुखतात का, परत फिरायचं का?

बायको खेकसली, "काऊन भेवाडून राहिले त्यायले? चढू द्या ना!"

गुहेत वरच्या मोठ्या भोकातून ऊन खाली उतरलं होतं. विहीणबाई तिथंच दगडावर बसल्या. म्हणाल्या, "व्याहीबुवा, हे इतके दिवस लपवून ठेवलंत होय?"

घरी येऊन विहीणबाईंनी आमच्या चिन्नोर तांदळाचा भात दोनदा मागून घेतला. मग जावयाला फोन लावून चक्क आमच्या बोलीत सांगितलं, "आम्ही आज येऊन नाही राहिलो!" सारं घर हसलं. लेक फोनवर ओरडली, "आई, तुम्ही पण?"

आता उद्या कुठं नेऊ? हाजरा फॉल की नवेगावचा तलाव? लवकर कळवा बाप्पा, त्याशिवाय मला झोप यायची नाही.